सांजेच्या तीन गोळ्या

"त्याची गोळी न्हाई का गं निघत?"

आईने हा प्रश्न त्या आठवड्यात सहाव्यांदा विचारला, तेव्हा मी हातातली फाइल खाली आपटली. फायलीत तिचे पाच वर्षांचे रिपोर्ट होते, म्हणून जरा सांभाळून आपटली.

"नाही, आई. गोळी नाही. सलाईनमधून देतात. दवाखान्यातल्या खाटेवर पडून घ्यायचं. घरी आणता येत नाही, डब्यात ठेवता येत नाही, पदराला बांधता येत नाही."

"म्हंजे तितंच संपवून यायचं?"

"तिथंच."

"सगळं?"

"सगळं, आई!"

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा भाकरी थापायला लागली. हे 'बरं' माझ्या ओळखीचं आहे. नको असलेल्या पाहुण्याला 'बसा' म्हणताना तिचा आवाज असाच होतो.

या बाईला हवंय तरी काय, हे मला कळेना. तिच्यासाठी महिनाभर मी संभाजीनगरच्या त्या दवाखान्याच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. पाच वर्षांपूर्वी तिच्या छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, केस गेले, परत आले. मी तेव्हा फार्मसीला होते. मग हट्टाने याच विषयात पुढे शिकले. गेल्या वर्षी आजार उलटला, फुफ्फुसावर ठिपके आले. जूनपासून गोळ्या सुरू झाल्या: सकाळी तीन, संध्याकाळी तीन, चौदा दिवस घ्यायच्या, मग एक आठवडा सुट्टी. डिसेंबरात स्कॅन केला तर ठिपके वाढलेले. डॉक्टर म्हणाल्या, गाठ या औषधाला दाद देत नाही, गोळ्या थांबवा. आणि नेमक्या अशाच, औषधाला न जुमानणाऱ्या गाठींवर तिथे एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. त्यात शेवटची एक जागा उरली होती. ती जागा आईला मिळाली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि बाईसाहेब विचारत होत्या, गोळी निघत नाही का.

बरं, घरात समजावून सांगायचं तरी कुणाला! आमचं घर म्हणजे त्या महिन्यात लिंबागणेशच्या पुढे सुंदररावांच्या रानात ठोकलेलं पाल. आम्ही मेंढरंवाले. रान मोकळं झालं की शेतकरी आमची मेंढरं खतासाठी रात्री शेतात बसवून घेतात, आणि आम्ही या रानातून त्या रानात सरकत राहतो. एकशे चाळीस मेंढरं, दोन घोडी, तीन कुत्री. माणसं म्हणाल तर माझे वडील मुंजाजी, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, आई बायडाबाई, भाऊ लखन आणि माझी चुलती सत्यभामा. चुलते वारून बारा वर्षं झाली. काकीचा मुलगा सिदू पुण्यात ट्रकवर आहे आणि तो फोनसुद्धा सणावारी करतो.

या लोकांना मी औषध समजावून सांगायला बसले. म्हटलं, कॅन्सरच्या पेशीला भिंत असते. त्या भिंतीवर बारीक बारीक पंप असतात. औषध आत आलं की हे पंप ते उपसून बाहेर फेकतात. म्हणून आता औषधावर स्निग्ध पदार्थाचं एक वेष्टण चढवायचं. त्याचे कण इतके बारीक, की मेंढीच्या लोकरीचा एक केस घेतला तर त्याच्या जाडीत तीनशे बसतील. त्यांना नॅनो कण म्हणतात. पेशी तो कण खाद्य समजून गिळते, पंपाला पत्ता लागत नाही, आणि आत गेल्यावर वेष्टण सुटतं.

"नॅनो?" सुंदरराव तेवढ्यात मोटारसायकलवरून रान बघायला आले होते. सगळ्यांच्या बोलण्यात पडायचा त्यांना जुना अधिकार आहे, दहा वर्षं सरपंच होते. "मुंजाजी, ते नॅनो युरियाची बाटली आन्ली व्हती बे मी. गोनीभर खताचं काम बाटलीत म्हनले. पिकाला पत्ता बी लागला न्हाई."

"काका, हे ते नाही."

"नाव तर तेच हाय की, पोरी."

आबा मात्र विचार करत बसले होते. मग म्हणाले, "कळलं मला. एकादी मेंढी लई चलाख आसती. औषध पाजलं तर गालात धरून ठिवती आन् आपली पाठ फिरली की थुकती. तिला मग गुळाच्या खड्यात घालून द्यावं लागतं. गूळ म्हनून गिळती. तसंच ना?"

तसंच होतं. पीएचडीच्या सेमिनारला मी बावीस स्लाइड करून जे सांगितलं ते या माणसाने तंबाखू मळता मळता सांगितलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. माझी चिडचिड आणखी वाढली.

आई तेवढ्यात म्हणाली, "मंग गूळच द्या की म्हनावं. गूळ घरी आनता येतो." मी तिथून उठले.

एका गोष्टीचं मात्र मला समाधान होतं. चाचणीत घ्यायचं तर एक अट होती: आधीच्या गोळ्या पूर्ण मात्रेत घेऊनही गाठ वाढलेली असली पाहिजे. पुरावा म्हणून गोळ्यांची रिकामी पाकिटं आणायला सांगितली होती. मला वाटलं, पालावर राहणारी बाई, पाकिटं कुठली ठेवतेय! पण आईने कापडी पिशवी काढून पुढे ठेवली. जूनपासूनचं एकेक पाकीट तिच्यात होतं, सगळी रिकामी, एक गोळी उरलेली नाही. मी सगळी मोजून घेतली आणि तिचा मुका घेतला. ती तोंड बाजूला करून म्हणाली, "हट, काहीतरीच." तिला लाज वाटतेय असं मी समजले. आता आठवलं की माझं मलाच थोबाडीत मारावंसं वाटतं.

कारण समोर दिसत होतं ते मी पाहिलं नव्हतं. त्या गोळ्यांनी तळहाताची नि तळपायाची कातडी काळवंडते, सोलपटते. आईचे हात तसे झाले तेव्हा मी लगेच मलम आणून दिलं. काकीचे हात तसेच झाले तेव्हा मी म्हटलं, "काकी, खोबरेल लाव. किती कामं करतेस." एवढंच म्हटलं आणि बीडची बस पकडली.

रविवारी सकाळी जंताचं औषध पाजायचं होतं. मेंढरं चरायला सोडायच्या आधी, उपाशीपोटी पाजतात. कामाची मांडणी ठरलेली असते. लखन एकेक मेंढरू धरून आणतो, आई ते गुडघ्यात दाबून जबडा उघडते, आबा औषध ओततात, आणि पाजून झालेल्या मेंढराच्या पाठीवर काकी गेरूचा पट्टा ओढते, म्हणजे एकाला दोनदा जात नाही नि एकही सुटत नाही. मी फाइल लावत बाजूला बसले होते.

आबांच्या हातात एकच बाटली होती. बाटलीवर लिहिलेलं मला तिथून दिसत होतं, ती सत्तर मेंढरांची होती.

"आबा, दुसरी बाटली कुठंय?"

"हीच पुरवायची समद्यांना. जरा जरा देतो. तसं बी आजकाल औषधात राम ऱ्हायला न्हाई. मागच्या साली एवढं पाजलं, तरी पाच मेंढरं गेली."

झालं. महिनाभराचा राग माझ्या डोक्यात गेला, आणि राग आला की माझी शाळेत शिकलेली भाषा गळून पडते आणि पालावरची तोंडात येते.

"कावून ऱ्हाईल राम? निम्मं निम्मं पाजता आन् औषधाला नावं ठिवता? आबा, निम्म्या औषधानं जंत मरत न्हाईत. कच्चे मरतेत, चिवट ऱ्हातेत. मंग त्या चिवटांचीच पिल्लं व्हतेत. दरसाली निम्मं देऊन देऊन तुमी त्यांना शिकवून तयार केलंय! आता आख्खी बाटली वतली तरी हालायचे न्हाईत ते."

आबा बाटलीकडे बघत राहिले. आणि तेवढ्यात आईच्या गुडघ्यातून मेंढी सुटली. औषध तिच्या ओठांतून गळत होतं. माझ्या जन्मात मी आईच्या हातून मेंढरू सुटलेलं पाहिलं नव्हतं.

"अंजे," आई म्हणाली. "मान्साच्या गाठीचं बी आसंच आसतंय का गं?"

"असंच! अगदी असंच! म्हणून तर म्हणत होते, एकही गोळी चुकवू नको. निम्म्यानं गाठ मरत नाही, शिकते."

आईने काकीकडे पाहिलं. काकीचा गेरूचा हात एका मेंढीच्या पाठीवर तसाच थांबला होता.

"सकाळच्या मी घेतल्या," आई म्हणाली. "सांजच्या हिनं."

"काय घेतल्या?"

"गोळ्या."

मला खरंच क्षणभर कळलं नाही. मग मी काकीचे तळहात पाहिले. गेरू लागलेल्या जागी कातडी सोलून निघाली होती, तीच कातडी, जिला मी खोबरेल सांगितलं होतं.

आमच्या घरात या दोघींची एक वाटणी आहे, माझ्या जन्माच्या आधीपासूनची. सकाळ आईची, सांज काकीची. सकाळी मेंढरांमागे आई जाते, तेव्हा काकी पाल सांभाळते. दुपारनंतर उलट. दूध काढणं, पाणी आणणं, लेकरांना भरवणं, सगळं या हिशोबाने. मला स्वतःला सकाळचा घास आईने भरवलाय आणि संध्याकाळचा काकीने. पाकिटावर लिहिलं होतं सकाळी तीन, संध्याकाळी तीन. त्यांनी त्याचीही वाटणी करून टाकली.

गोळ्या सुरू झाल्या त्याच महिन्यात, वटपौर्णिमेच्या सुमारास, काकीला अंघोळीच्या वेळी गाठ लागली. आईला होती त्याच बाजूला. तिने आईला दाखवली, आईने हात लावून पाहिलं आणि म्हणाली, मला होती तशीच हाय. बस, निदान झालं.

"दाखवलं कावून न्हाई डॉक्टरला?" मी ओरडले. "मला कावून न्हाई सांगितलं? मी काय मेलते का?"

"तुला सांगितलं आसतं तर डॉक्टरकडं चला म्हनली आसतीस," काकी म्हणाली. "मंग तिला बी सलाईन, मला बी सलाईन. दोघी पडल्यावर मेंढरामागं कोन? भाकरी कोन थापनार? मी नगं म्हनलं व्हतं, अंजे. देवाशपथ नगं म्हनलं व्हतं. ही रोज सांजचं पानी घिऊन पुढ्यात बसायची."

"माझं दुखनं गोळीनं बरं व्हायलंय आसं वाटलं व्हतं," आई म्हणाली. "एकीचं व्हईल तर दोघींचं व्हईल, जरा उशिरा."

जरा उशिरा! मी कपाळावर हात मारून घेतला. आबांनी बाटली खाली ठेवली आणि जमिनीवर बसले. या सहा महिन्यांत आपल्या पालात काय चाललंय हे त्यांनाही माहीत नव्हतं. लखन तेवढा शांत होता. म्हणाला, "पाकिटं तर रिकामी हायत ना? मंग कोन इचारतंय? तितं फकस्त म्हनायचं, घेतल्या. जागा जाऊ द्यायची न्हाई."

"बोलायचं न्हाई कुनी," आबा म्हणाले.

मला माहीत होतं की हे खोटं आहे, आणि साधंसुधं खोटं नाही. ज्या बाईने पूर्ण डोस घेतलाच नाही तिची गाठ औषधाला दाद देत नाही असं लिहायचं, तिला नवं औषध द्यायचं, आणि जे होईल ते खरं धरून पुढे हजारो बायकांना तसंच द्यायचं. माझ्या प्रयोगशाळेत कुणी असं केलं असतं तर मी त्याला दारातून बाहेर काढलं असतं. पण ती माझी आई होती आणि एकच जागा उरली होती. मी म्हणाले, "ठीक आहे. कुणी काही बोलायचं नाही." निम्म्या औषधावरून अर्धा तास बापाला झापणारी मी, एका मिनिटात तयार झाले.

सोमवारी बीडहून संभाजीनगरची बस धरली. आईने एक हट्ट धरला होता: काकी बरोबर येणार, आणि तिलाही तपासायचं. ही मागणी मी आनंदाने मान्य केली, कारण ती आम्ही सहा महिने आधी मान्य करायला हवी होती. मेंढरांमागे आबा आणि लखन. भाकरी कोण थापणार, हा इतका मोठा प्रश्न होता ना? बाप-लेकांनी सकाळीच सांगून टाकलं की ते गावातून पाव आणतील.

गेवराई गेली, गोदावरीचा पूल गेला, तरी आई खिडकीतून बाहेर बघत होती. मग एकदम म्हणाली, "अंजे, तू म्हनली व्हतीस, माझ्यावर जे कळंल ते लिवून ठिवतेत. कशाला?"

"पुढच्या बायकांसाठी. कुणाला किती द्यायचं, ते त्यावरून ठरतं."

"म्हंजे माझ्यावरून त्यांची वाटनी ठरनार."

"हो."

"मंग माझंच माप खोटं आसंल तर?"

मला तिचा भयंकर राग आला. अख्ख्या आयुष्यात तिने स्वतःसाठी एक घास पूर्ण ठेवला नाही, आणि आता तिला न पाहिलेल्या बायकांच्या मापाची काळजी पडली होती.

"आई, तिथं गप्प बसायचं. मी बोलेन."

"बरं," ती म्हणाली. मी ते 'बरं' ओळखायला हवं होतं.

डॉक्टर रोहिणी या चाचणीच्या प्रमुख. बारीक चणीच्या, कामाला वाघ, एक शब्द जास्त बोलणार नाहीत. त्यांनी पिशवीतली पाकिटं टेबलावर ओतली, मोजली आणि कागदावर लिहिलं. मग पेन थांबवून ठरलेला प्रश्न विचारला.

"सगळ्या गोळ्या पेशंटने स्वतः घेतल्या?"

"हो," मी म्हणाले. "सगळ्या."

"न्हाई," आई म्हणाली.

डॉक्टरांनी वर पाहिलं.

"निम्म्या म्या घेतल्या, म्याडम. निम्म्या ह्या माझ्या जावंनं. पोरीला कालच कळलंय. तिच्यावर राग धरू नका, तिला माझी लई काळजी हाय. पर तुमी ते लिवनार आन् त्याच्यावरून लोकाच्या बायांना औषध देनार, म्हनून सांगते."

खोलीत एक नर्स होती, तिने हातातला ट्रे खाली ठेवला. डॉक्टरांनी आधी काकीचे हात हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले. मी सहा महिने जे पाहिलं नाही ते त्यांनी सहा सेकंदांत पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या.

"तू याच विषयात पीएचडी करतेस ना?"

एवढंच विचारलं. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, निदान मला उलट भांडता आलं असतं.

त्यांनी आईची फाइल बंद केली. चाचणीत घेता येणार नाही म्हणाल्या. गाठ औषधाला सरावली आहे की तिला औषध पुरेसं मिळालंच नाही, हे आज कुणीच सांगू शकत नाही. आता त्याच गोळ्या पूर्ण डोसात, दोन फेऱ्या. मग स्कॅन. त्यावर ठरवू.

"आणि तोपर्यंत ही जागा?" मी विचारलं.

"जागा महिनाअखेर भरावी लागते, अंजू. माझ्या यादीत आणखी अकरा जणी आहेत."

काकीची सोनोग्राफी झाली, गाठीत सुई घालून नमुना घेतला. रिपोर्टला चार दिवस लागणार होते. परतीच्या बसमध्ये मी दोघींकडे पाठ करून बसले. त्या दोघी मात्र शेंगा सोलून खात होत्या आणि निम्म्या शेंगा माझ्या मांडीवर ठेवत होत्या.

शुक्रवारी मी एकटीच जाऊन रिपोर्ट आणला. दवाखान्याच्या पायरीवरच वाचला, तीनदा वाचला. मग बसमध्ये वाचला. पालावर पोचले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं आणि दोघी लोकर निवडत बसल्या होत्या.

"काय निघालं गं?" आईने विचारलं.

"चरबीची गाठ," मी म्हणाले. "कॅन्सर नाही. काही नाही. कधीच नव्हता. नुसती चरबी! गोळी सोडा, त्याला काहीच लागत नव्हतं. ज्या गोळ्यांनी तू बरी झाली असतीस, त्या सहा महिने एका चरबीच्या गाठीला घातल्या तुम्ही! तिचे हात सोलले, तुझी गाठ वाढली, जागा गेली, सगळं गेलं, आणि कशासाठी? चरबीसाठी!"

मला रडू फुटलं. मला वाटलं, आता तरी ही बाई कपाळ बडवेल. तिने लोकर बाजूला टाकली, काकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि हसायला लागली. इतकी हसली की तिला खोकला आला.

"म्हंजे हिला काय न्हाई? सत्ये, तुला काय न्हाई! अगं बया, बरं झालं. मला रात्रंदिस वाटायचं, माझ्या निम्म्यात हिचं भागतंय का न्हाई."

अशा बाईवर रागावून रागावून माणूस किती रागावेल? काकी मात्र हसली नाही. ती रिपोर्टचा कागद हातात धरून बसली होती. तिला वाचता येत नाही, तरी बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. मग उठून पालात गेली.

सांज झाली. नव्या पाकिटातून मी तीन गोळ्या काढल्या आणि आईच्या तळहातावर ठेवल्या. सहा महिन्यांतल्या तिच्या पहिल्या सांजेच्या गोळ्या. ती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मग सवयीने तिचा हात काकीच्या दिशेने सरकला. तिच्या लक्षातही आलं नसावं.

काकी पाण्याचा तांब्या घेऊन समोर बसली होती. तिने आईचा हात उलट तिच्याच तोंडाकडे वळवला.

"सांज माझी हाय," काकी म्हणाली. "तोंड उघड."

आईने गोळ्या तोंडात टाकल्या, पाणी प्यायली. काकीने दोन बोटांनी तिचा जबडा धरला.

"जीभ वर कर. गाल दाव. हिकडचा. आता तिकडचा."

"मी काय मेंढरू हाय का गं?" आई तोंड उघडं ठेवूनच म्हणाली.

"मेंढरू बरं. ते थुकतंय तवा दिसतं तरी."

दोन्ही गाल बघून झाल्यावर काकीचं समाधान झालं. मग तिने शेजारच्या डब्यातल्या गेरूत बोट बुडवलं आणि आईच्या मनगटावर एक आडवा पट्टा ओढला, पाजून झालेल्या मेंढराच्या पाठीवर ओढतात तसा. हात मात्र सोडला नाही. आई आता हसत नव्हती. ती काकीच्या सोललेल्या बोटांकडे बघत होती.

ती गाठ काय शिकली आहे आणि काय नाही, ते दोन फेऱ्यांनी कळेल. मी पाकीट डब्यात ठेवलं आणि पाहिलं तर आबा दावणीपाशी उभे होते. त्यांच्या हातात जंताच्या औषधाच्या दोन बाटल्या होत्या.

"उद्या सकाळी परत पाजू," ते म्हणाले. "आख्खं."

काकीने डब्यातला गेरू बघितला आणि तो मेंढरांना आणि आईला, दोन्हींना पुरेल, असं सांगितलं.